जुन्या गाडीचा सेल्फ आणि बॅटरीची केबल: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली दुपार. तुळजापूरहून न थांबता आलेली फियाट ११०० जुन्या तुळजापूर नाक्याजवळ चहासाठी उभी केली. वीस मिनिटांनी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला तर "घर्र... घर्र..." करून गप्प. सकाळी हीच गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली होती. टपरीवरचे सगळे एकच बोलले, "बॅटरी गेली." मीही तेच मानलं आणि त्या एका वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या. बॅटऱ्या दोन्ही चांगल्या होत्या. दोष होता इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या वीतभर लांबीच्या अर्थिंग पट्टीत. गिअरबॉक्स उतरवून बसवताना कुणीतरी ती रंगावरच आवळली होती.

सोलापुरात आता बरीच तरुण मुलं आजोबांची अँबेसेडर, पद्मिनी, नाहीतर शेतात उभी राहिलेली जीप पुन्हा रस्त्यावर आणताना दिसतात. मला त्याचा फार आनंद होतो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं सांगणं एकच: बॅटरी विकत घेण्याआधी आणि सेल्फ वाइंडिंगला देण्याआधी, सेल्फ फिरत असताना तारेत किती व्होल्ट वाया जातात ते मोजा. त्याला दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

सेल्फ एवढा करंट का खातो

१२ व्होल्टच्या गाडीतला हेडलाइटचा एक बल्ब साधारण ४ अँपिअर घेतो. तीच बॅटरी हजार-दीड हजार सीसीचं पेट्रोल इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर देते, आणि सेल्फ जागचा हलायच्या पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट-अडीचपट. मोटर उभी असते तेव्हा करंटला अडवायला तांब्याच्या जाड वेटोळ्यांचा नगण्य विरोधच काय तो असतो. फिरू लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंट खाली येतो.

समजा बॅटरीच्या आतला विरोध, केबल, सांधे आणि मोटर मिळून ३० मिलिओहम आहेत. १२ व्होल्टला पहिला झटका ४०० अँपिअरचा मिळेल. आता गंजलेल्या टर्मिनलने आणि ढिल्या अर्थिंगने १० मिलिओहम वाढवले, तर मिळतील ३००. जुन्या गाड्यांचे सेल्फ सिरीज वाइंडिंगचे, म्हणजे चुंबकाच्या आणि फिरणाऱ्या वेटोळ्यांतून एकच करंट जातो. त्यांत करंट कमी झाला की चुंबकत्वही कमी होतं, म्हणून करंट पाऊणपट झाल्यावर जोर पाऊणपटीहूनही खाली जातो. १० मिलिओहम म्हणजे ओहमचा शंभरावा भाग. साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून तो दिसणारच नाही. तिथे तो "शून्य" दाखवेल आणि तुम्ही केबल चांगली समजाल. म्हणून विरोध मोजत बसू नका, चालू करंटात पडणारं व्होल्टेज मोजा.

६ व्होल्टच्या गाडीत हे दुखणं चौपट होतं. १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ बसवला. पुढे गाड्यांत ६ व्होल्ट रुजले आणि बऱ्याच अमेरिकन गाड्या पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यावरच होत्या. शेवरोले १९५५ च्या मॉडेलला १२ व्होल्टवर गेली, फोर्ड १९५६ च्या. आता १२०० वॅटचा सेल्फ धरा. १२ व्होल्टला तो १०० अँपिअर घेईल, ६ व्होल्टला २००. केबल दोन्हीकडे तीच, २ मिलिओहमची. पहिल्या गाडीत ०.२ व्होल्ट पडतील, म्हणजे पावणेदोन टक्के. दुसरीत ०.४ व्होल्ट पडतील, आणि सहामधून ०.४ म्हणजे जवळजवळ सात टक्के. "६ व्होल्टची गाडी थंड असतानाही नीट उठत नाही, तिचा स्वभावच तसा" असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. त्या गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा नीट उठत होत्या. मधल्या काळात कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल त्यांना लावली.

सुरुवात करण्याआधी

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो, त्यामुळे पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. बॅटरी काढताना आधी अर्थिंगची बाजू सोडा, लावताना ती शेवटी लावा.

अर्थिंगची बाजू कोणती हे गृहीत धरू नका. पन्नाशीतल्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असते. इंग्लिश मूळ असलेली गाडी असेल तर बॉडीला गेलेली तार बॅटरीच्या कुठल्या खांबावरून निघते ते डोळ्यांनी पाहा. सिरीज वाइंडिंगचा सेल्फ बॅटरी उलटी लावली तरी त्याच दिशेला फिरतो, म्हणून चूक लगेच कळत नाही. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला मात्र ती कळते, आणि तिची किंमत मोजावी लागते.

मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि दोन-चार तास तशीच ठेवा. १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास, ६ व्होल्टची ६.३ च्या आसपास दिसली पाहिजे. १२.२ दिसत असेल तर ती अर्धीच भरलेली आहे, तिच्यावर पुढचं काहीही मोजू नका.

मोजायचं कसं

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू व्हायला नको, नुसतं फिरायला हवं, म्हणून इग्निशन कॉइलची बारीक तार काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. प्लगकडे जाणारी जाड तार काढून मोकळी ठेवण्याची सवय अनेकांना आहे. पेट्रोलच्या वासात ती ठिणगी मला नको वाटते. बरोबर एक माणूस घ्या, तो सेल्फ मारेल. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरं सेल्फवर जिथे जाड केबल बसते त्या बोल्टवर. टोक खांबावर टेकवायचं, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही. बरेच दोष खांब आणि क्लॅम्प यांच्या मधल्या काळ्या थरातच असतात, आणि क्लॅम्पवर टेकवलं की तो दोष मोजणीतून निसटतो. सेल्फ मारण्याआधी मीटर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दाखवेल, कारण सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच) उघडा आहे. घाबरू नका. सेल्फ फिरला की आकडा धाडकन खाली येतो. तो खालचा आकडा टिपा. ही झाली जिवंत बाजूची गळती.

आता अर्थिंगची बाजू. एक टोक बॅटरीच्या दुसऱ्या खांबावर, दुसरं सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून उघड्या धातूवर. पुन्हा सेल्फ मारा, आकडा टिपा.

१२ व्होल्टच्या गाडीत दोन्ही मिळून अर्धा व्होल्टच्या आत असेल तर तारा ठीक आहेत, त्यांना हात लावू नका. अर्थिंगच्या बाजूचं ०.२ च्या वर गेलं तर शोध सुरू करा. ६ व्होल्टच्या गाडीला दोन्ही मिळून पाव व्होल्ट, यापेक्षा सूट देऊ नका. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमध्येही मोजून ठेवा. सेल्फ फिरताना १२ ची बॅटरी ९.६ च्या खाली किंवा ६ ची ४.८ च्या खाली जात असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ फार ओढतो आहे.

गळती जास्त निघाली की तुकडे पाडा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं दुसरं टोक, सोलेनॉइडचा एक बोल्ट ते दुसरा, तिथून सेल्फ. प्रत्येक तुकड्यावर सेल्फ मारून बघा. खूप जुन्या गाडीत सोलेनॉइडऐवजी पायाने दाबायचा किंवा ओढायचा स्विच असतो. त्याच्या आतले तांब्याचे संपर्क जळून खड्डे पडलेले असतात आणि एकटा तोच अर्धा व्होल्ट खातो. कानस फिरवून साफ केले की बराच काळ चालतात.

करंट किती, हे क्लॅम्प मीटरशिवाय

तारेभोवती पकड घालून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वायरमनकडे असतो, पण तो बहुतेक एसीचाच असतो, बॅटरीच्या करंटाला तो शून्य दाखवतो. डीसीचा महाग पडतो. त्याऐवजी केबलच वापरा. ३५ स्क्वेअर एमएम (आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ) तांब्याच्या केबलचा विरोध मीटरला अर्धा मिलिओहम असतो. तिच्या मधल्या भागात बरोबर अर्धा मीटर अंतरावर दोन टाचण्या टोचा, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि सेल्फ मारा. अर्ध्या मीटरचा विरोध पाव मिलिओहम. ४० मिलिव्होल्ट दिसले तर करंट १६० अँपिअर. टाचण्यांची भोकं नंतर टेपने बंद करा.

हा आकडा मिळाला की निदान सोपं होतं. करंट भरपूर आणि सेल्फ मंद, तर दोष सेल्फच्या किंवा इंजिनच्या पोटात. बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाजूच्या पोलला घासत असेल, किंवा इंजिन नुकतंच बांधलेलं, घट्ट असेल. ठिणगीचं टायमिंग फार पुढे असेल तर गरम इंजिन उलटा झटका देतं, तेव्हाही असंच दिसतं. करंट कमी आणि सेल्फही मंद, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे: सांधा, बारीक केबल, सेल्फचे झिजलेले कार्बन ब्रश, नाहीतर बॅटरी स्वतः. वाइंडिंगवाल्याकडे सेल्फ नेण्याआधी एवढं ठाऊक असेल तर तुमचे पैसे वाचतील आणि त्याचा वेळही.

केबल किती स्क्वेअर एमएमची

घरच्या वायरिंगचा तक्ता इथे चालत नाही. तो केबल तापू नये म्हणून असतो. सेल्फ पाच सेकंद चालतो, तेवढ्यात २५ स्क्वेअरची केबल २०० अँपिअरला दोन अंशांनीसुद्धा तापत नाही. म्हणून "गरम झाली नाही, म्हणजे पुरेशी आहे" हे चूक. इथे बघायचं ते व्होल्टेज. उलट एखादा सांधा हाताला गरम लागला तर दोष हमखास तिथे आहे. २ मिलिओहमच्या खराब सांध्यात २०० अँपिअरला ८० वॅट उष्णता एका बोल्टाएवढ्या जागेत तयार होते.

हिशोब असा करा. दोन्ही केबलींची मिळून लांबी मीटरमध्ये, गुणिले करंट, गुणिले ०.०१७५, आणि याला जेवढे व्होल्ट गमवायची तयारी आहे त्याने भागा. उत्तर स्क्वेअर एमएममध्ये येतं.

माझ्या फियाटची बॅटरी बॉनेटखालीच आहे, दोन्ही केबली मिळून १.६ मीटर. करंट १५० धरला, केबलींना ०.२ व्होल्ट दिले. उत्तर २१. बाजारात त्यावरचं माप २५. पण थांबा, आपण सोलापुरात आहोत. बाहेर ४३ अंश असताना गाडी थांबवली की बॉनेटखालचं तापमान ७० च्या आसपास सहज जातं. २० अंशांवरून ७० वर गेल्यावर तांब्याचा विरोध जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २१ चे २५ झाले आणि हाताशी काही उरलं नाही. म्हणून मी ३५ घातली. सेल्फच्या आतलं तांबंही असंच तापतं. त्याला आपण काही करू शकत नाही, केबलचं तेवढं करू शकतो.

६ व्होल्टची जीप घ्या. करंट २५०, लांबी १.८ मीटर, सोडायचे ०.१२ व्होल्ट. उत्तर ६६, म्हणजे ७० स्क्वेअर. पहिल्यांदा हातात घेतली की ती अजगरासारखी वाटते. घाला तीच. अमेरिकन गाडीच्या पुस्तकात "एक शून्य" गेज लिहिलं असेल तर ते ५३ स्क्वेअर एमएम, "दोन शून्य" म्हणजे ६७, आणि साधं ४ गेज म्हणजे अवघे २१.

बॅटरी डिकीत किंवा सीटमागे असेल, जशी एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीत असते, तर लांबी एकदम वाढते. तिथे १२ व्होल्टलाही ५० च्या खाली जाऊ नका.

विकत घेताना

तयार मिळणाऱ्या बॅटरी लीडवर माझा विश्वास नाही. वरचं रबर जाड असतं, आत तांबं बेताचं. लवचिक केबल म्हणून वेल्डिंग केबल उत्तम, पण ती अॅल्युमिनियमचीही मिळते आणि अॅल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. शिवाय तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियमही बाजारात आहे. एक धागा घ्या आणि चाकूने खरवडा. बाहेर लाल आणि आत पांढरं दिसलं तर परत करा. बाहेर पांढरं आणि आत लाल असेल तर ते कथील चढवलेलं तांबं आहे, ते चांगलं.

माप खरं आहे का, हे तोलून कळतं. दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून रबर पूर्ण काढा आणि तांबं ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवा. ग्रॅमला ०.९ ने भागलं की स्क्वेअर एमएम. ३५ ची केबल ३१ ग्रॅमच्या जवळ भरली पाहिजे, २५ ची २२ च्या, ५० ची ४५ च्या. मी एकदा "३५" म्हणून आणलेली केबल १९ ग्रॅम भरली होती, म्हणजे जेमतेम २१ स्क्वेअर. तेव्हापासून तोलल्याशिवाय केबल बसवत नाही. यंत्रमागाच्या मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्यांची नजर तांब्याबाबत पक्की असते. जवळपास कुणी असेल तर त्याला दाखवून घ्या.

टोकं

केबल कितीही चांगली असली तरी टोकाला लग (बोल्टवर बसणारं भोकाचं धातूचं टोक) हातोडीने चेपून बसवला तर सगळं वाया जातं. केबलच्या मापाचा कथील चढवलेला नळीदार तांब्याचा लग घ्या. त्यावर ३५-८ असं लिहिलेलं असतं: ३५ स्क्वेअर एमएमची केबल, ८ एमएमचा बोल्ट. तो हायड्रॉलिक क्रिम्पिंगनेच दाबून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बांधणाऱ्यांकडे हे यंत्र असतं, चार लग दाबायला कुणी नाही म्हणत नाही. शिसं-कथील ओतून झाळण्याची जुनी पद्धतही चालते. पण झाळ केबलमध्ये वर चढते, तिथे केबल कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. वरून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

बॅटरीच्या खांबाकडे लक्ष द्या. आजकाल मिळणाऱ्या अनेक छोट्या बॅटऱ्यांचे खांब बारीक असतात आणि जुन्या गाडीचा क्लॅम्प जाड खांबासाठी केलेला. मग फटीत खिळा किंवा तारेचं वेटोळं ठोकलं जातं. दोनशे अँपिअर खिळ्याच्या कडेवरून जाणार नाहीत. बारीक खांबासाठी शिशाची टोपी मिळते, नाहीतर क्लॅम्प बदला. पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. धातू घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा.

अर्थिंग

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोष इथेच निघतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसीला एक विणलेली पट्टी असते. इंजिनचं काम झालं की ती राहून जाते किंवा रंगावर बसते. पट्टी नसली तरी सेल्फ थोडाफार फिरतो. मग तो करंट जातो कुठून? चोकच्या केबलमधून, अॅक्सिलरेटरच्या केबलमधून, स्पीडोमीटरच्या केबलमधून. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरून धूर आला किंवा चोकचं बटण चटका देऊ लागलं, तर तिथल्या तिथे थांबा आणि अर्थिंगची पट्टी शोधा.

पट्टीही जिवंत बाजूच्या केबलएवढीच जाड हवी. जो करंट गेला तोच परत येतो. शक्य असेल तर बॅटरीची अर्थिंग केबल थेट गिअरबॉक्सच्या किंवा सेल्फच्या बोल्टवर न्या आणि तिथून बॉडीला वेगळी पट्टी द्या. सांध्याची जागा पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मगच वरून रंग लावा. घाई करून रंगावर वॉशर ठेवलात तर माझ्यासारख्या दोन बॅटऱ्या घ्याल.

बसवताना

जिवंत केबल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. मध्ये दोन-तीन ठिकाणी क्लिप लावा, पण सेल्फजवळ केबल थोडी सैल ठेवा, कारण इंजिन हलतं. जिवंत बाजूच्या सेल्फकडच्या बोल्टवर रबरी बूट चढवा.

मग पुन्हा मीटर घ्या आणि तीच दोन मोजणी करा, आधी थंड गाडीवर. माझ्या फियाटमध्ये दोन्ही बाजू मिळून आधी १.३ व्होल्ट जात होते. पट्टी आणि केबल बदलल्यावर ०.३ राहिले. त्यानंतर कॉइलची तार परत जोडा, दुपारी गाडी अक्कलकोटपर्यंत नेऊन आणा, दहा मिनिटं बॉनेट बंद ठेवून उभी करा, तार पुन्हा काढा आणि गरम असतानाच परत मोजा. मोजून झालं की तार जोडा. दोन्ही आकडे तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने नाही, पेंटने लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात सेल्फ मंद वाटला तर तुलना करायला ते लागतील.